शंभराचा संत्रा दोनशे चौदाला

वरुड-मोर्शीकडे संत्र्याची बाग विकायची म्हणजे व्यापारी येतो, ओळीओळीनं फिरतो, फांद्या वर करून आतली फळं बघतो आणि एक आकडा टाकतो. ठोक्यानं दिली तर अख्ख्या बागेचा, नाहीतर टनाचा. गेली काही वर्षं त्या आकड्याच्या आधी एक वाक्य हमखास येतं : "भाऊ, बांगलादेशनं टॅक्स वाढोला नं बाप्पा." मग टनामागं दोन हजार खाली, चार हजार खाली. वाढला म्हणजे किती, कुणी वाढवला, कशावर लागतो, हे विचारलं की उत्तर मिळत नाही. पेपरात छापून येत होतं की 2019 साली किलोला 20 रुपये असलेलं शुल्क 2023 पर्यंत 88 रुपयांवर गेलं. पण वीस काय आणि अठ्ठ्याऐंशी काय, त्याची पावती आमच्यापैकी कुणी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

आम्ही काही जणांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढलेली आहे. 2023 च्या आंबिया बहारात, म्हणजे हिवाळ्याच्या सुमारास निघणाऱ्या फळाच्या वेळी, ठरवलं की एक गाडी आपल्या नावानं बांगलादेशला पाठवायची. नफा होईल की नाही यावर आमच्यात दोन तट होते. मला मात्र नफ्याइतकंच त्या कागदाचं अप्रूप होतं. ज्या कराच्या नावानं आपला भाव पडतो, तो कर एकदा बघून यायचा होता.

कागदांपासूनच सुरुवात झाली. आयात-निर्यात कोड लागतो, तो आता कंपनीच्या पॅन नंबरवरच मिळतो, त्यात फार त्रास नाही. शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडाची नोंदणीही ऑनलाइन झाली. अडलं ते बँकेच्या एडी कोडवर, म्हणजे परकी चलनाच्या व्यवहारासाठीच्या बँकेच्या नंबरवर. ज्या बंदरातून माल बाहेर जाणार, त्या बंदराच्या नावानं तुमच्या बँकेचा हा कोड कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवावा लागतो, त्याशिवाय शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा कागद, भरता येत नाही. आमच्या तालुक्याच्या शाखेत कुणी असलं पत्र कधी मागितलंच नव्हतं. मॅनेजर भला माणूस, त्यानं शेवटी मोठ्या शाखेतून नमुना मागवला आणि तसंच्या तसं टाइप करून दिलं. आणखी एक गोष्ट इथंच कळली. नागपुरी संत्रा कस्टमच्या यादीत 'ऑरेंज' नाही. तो 'मँडरिन' या कोडखाली जातो, 0805 21. नुसतं ऑरेंज लिहिलं की दुसरा कोड लागतो आणि मग तपासणीत प्रश्न.

तिकडचा घेणारा ढाक्याच्या बादामतोलीतला. बुरीगंगा नदीच्या काठी हा फळांचा मोठा ठोक बाजार आहे. त्याच्याशी ओळख सीमेजवळच्या बोनगावातल्या आमच्या एजंटनं करून दिली. फोनवर त्याची हिंदी आणि माझी हिंदी, दोन्ही सारख्याच मोडक्या, त्यामुळे जमलं. भाव ठरायला वेळ लागला नाही. एल.सी., म्हणजे पैसे मिळण्याची त्याच्या बँकेची हमी, उघडायला मात्र लागला. तो म्हणाला, बँक शंभर टक्के पैसे आधी भरून घेते. मला आधी वाटलं टाळाटाळ करतोय. पण खरंच होतं ते. 2022 मध्ये तिथं डॉलरचा तुटवडा पडला, तेव्हा बांगलादेश बँकेनं, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेनं, ज्या मालाला चैनीचा ठरवून एल.सी.ची पूर्ण रक्कम आधी भरायला लावली, त्यात फळंही होती. मोटारगाड्या, सौंदर्यप्रसाधनं आणि संत्रा एका पंगतीत! म्हणजे तिथल्या व्यापाऱ्याचा पैसा माल निघण्याआधीच अडकून पडतो, वर माल पोहोचला की कराचे पैसे रोख मोजायचे. पाच गाड्या मागवणारा माणूस दोनवर येणार, यात नवल नाही. 'बांगलादेशनं टॅक्स वाढवला' एवढ्या एका वाक्यात ही सगळी भानगड कुणी सांगत नाही.

तोडा झाला, माल मशीनवर गेला. धुऊन, मेणाचा हात देऊन, आकाराप्रमाणे निवडून कॅरेट भरले. चुरी, म्हणजे बारीक फळ, भरू नका असं बादामतोलीवाल्यानं बजावलं होतं. आमच्यातल्या एका काकांना ते पटलं नाही. त्यांच्या बागेत त्या वर्षी चुरीच जास्त होती. "पयले तं बांगलादेशात बारीक मालच जाये, आता काहून नाई?" असा त्यांचा सवाल. त्याचं उत्तर मला बेनापोलचा, म्हणजे सीमेपलीकडच्या बांगलादेशी नाक्याचा, कागद बघितल्यावर मिळालं, तेव्हा ते पुढं सांगतो.

वरुडहून पेट्रापोल, म्हणजे आपल्या बाजूचा सीमानाका, बाराशे-तेराशे किलोमीटर. गाडी पुढं निघाली, मी रेल्वेनं कोलकात्याला आणि तिथून लोकलनं बोनगावला गेलो. जेसोर रोडवर दोन्ही बाजूंना जुने अवाढव्य शिरीष आहेत, त्यांच्या सावलीत ट्रकांची रांग. तिकडं गाडी सीमेवर नेऊन उभी करता येत नाही. 2022 पासून पश्चिम बंगाल सरकारची 'सुविधा' नावाची ऑनलाइन पद्धत आहे. फी भरून स्लॉट घ्यायचा, आपली वेळ आली की मगच गाडी आत. आधी इथं खासगी पार्किंगमध्ये गाड्या आठवडेच्या आठवडे सडायच्या असं ड्रायव्हर सांगत होता. स्लॉटमुळे किती सुधारलं याबद्दल त्याचं मत चांगलं होतं. माझं म्हणाल तर फळाच्या गाडीला एक दिवसही जास्तच. ताडपत्री कडेनं उघडून ठेवायची, दुपारी वारं लागू द्यायचं, आणि दर काही तासांनी खालच्या कॅरेटात हात घालून बघायचं. मेण लावलं तरी संत्रा वजन टाकतोच. शिपिंग बिलावर आपण लिहिलेले किलो आणि पलीकडे उतरतील ते किलो कधी सारखे नसतात.

पेट्रापोलच्या चेकपोस्टमध्ये आमच्या बाजूचं काम पटकन झालं. वनस्पती संगरोधाचं, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचं, प्रमाणपत्र तिथंच मिळालं, शिपिंग बिल पास झालं, ड्रायव्हरला पलीकडे जायचा पास मिळाला. निर्यातीवर आपल्याकडे या मालाला काही शुल्क नाही, त्यामुळे पैशांचा विषयच निघाला नाही. गाडी झिरो पॉइंट ओलांडून बेनापोलला गेली. तिथं आपली गाडी रिकामी होते आणि माल त्यांच्या गाडीत चढतो. मी काही पलीकडे गेलो नाही, एजंटच्या टपरीवजा ऑफिसात बसून राहिलो. खरं काम पलीकडच्या एजंटाकडे होतं.

संध्याकाळी त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयातीच्या कस्टमच्या कागदाचा, फोटो आला. आमचा एजंट बंगाली वाचून दाखवायचा आणि मी वहीत लिहायचो. शुल्क एक नव्हतंच, सहा होती.

समजा कस्टमनं मालाची किंमत 100 धरली. त्यावर कस्टम ड्यूटी 25 टक्के, म्हणजे 25. रेग्युलेटरी ड्यूटी 20 टक्के, म्हणजे 20. झाले 145. आता सप्लिमेंटरी ड्यूटी 20 टक्के, पण ती शंभरावर नाही, 145 वर. म्हणजे 29. झाले 174. मग व्हॅट 15 टक्के, तो 174 वर : 26 रुपये 10 पैसे. अ‍ॅडव्हान्स टॅक्स 5 टक्के, तोही 174 वर : 8 रुपये 70 पैसे. शेवटी अ‍ॅडव्हान्स इन्कम टॅक्स 5 टक्के, हा मात्र शंभरावर : 5. सगळ्यांची बेरीज 113 रुपये 80 पैसे. शंभराचा संत्रा बेनापोलच्या फाटकातून बाहेर पडताना दोनशे चौदाचा.

सावकाराच्या चक्रवाढीसारखं हे कराच्या डोक्यावर कर बसवणं आहे. रेग्युलेटरी ड्यूटी मे 2022 पर्यंत 3 टक्के होती, ती एका फटक्यात 20 झाली. वाढ सतरा टक्क्यांची. पण वरचं गणित 3 टक्के धरून पुन्हा मांडलं तर एकूण 89 रुपये 32 पैसे येतात. म्हणजे सतराची वाढ खालपर्यंत झिरपत साडेचोवीसची झाली. बातमीत सतरा छापून येतं, घेणाऱ्याच्या खिशातून साडेचोवीस जातात. शेवटचे दोन कर आगाऊ घेतलेले, पुढे हिशेबात वळते करून मिळायचे असं म्हणतात. बादामतोलीवाला त्यावर हसला. तो ते सरळ खर्चात धरतो, आणि खर्चात धरलं म्हणजे माझ्या भावातून कापलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. वहीत लिहिताना मी पहिल्याच ओळीला अडखळलो होतो. 'शंभर' कुठले? आमच्या इन्व्हॉइसवरचा दर तिथं नव्हताच. कस्टमनं स्वतःची किंमत धरली होती, आमच्या दराच्या जवळजवळ दीडपट. एजंट म्हणाला, इथं फळाला डॉलरमध्ये किलोमागं दर ठरवून ठेवलेला असतो, तुम्ही बिल काहीही लावा. बिलं कमी दाखवून कर चुकवणारे असतात, त्यांच्यासाठी ही तजवीज, हे समजू शकतो. पण परिणाम काय होतो बघा. आमच्या खऱ्या बिलावर हिशेब केला तर तो कर 114 टक्के उरत नाही, 170 च्या घरात जातो.

आणि काकांच्या चुरीचं उत्तर याच ओळीत होतं. समजा मोठ्या फळाचा दर किलोला 40 रुपये आहे आणि चुरीचा 20, आणि कस्टम दोन्हीला 60 धरतं. कर दोन्हीवर सारखाच, 68 रुपये 28 पैसे. मोठं फळ करासकट 108 ला पडतं, चुरी 88 ला. ढाक्याच्या हातगाडीवर वीस रुपयांच्या फरकासाठी बारीक, बिया जास्त आणि रस कमी असलेलं फळ कोण घेईल? कर नसता तर चुरी निम्म्या भावात मिळाली असती आणि गरीब गिऱ्हाइकानं ती आनंदानं नेली असती. किलोमागं ठोकून धरलेला कर सगळ्यात आधी स्वस्त माल मारतो. तिथल्या गरिबाच्या तोंडचं फळ जातं आणि इथं ज्याच्या बागेला पाणी कमी पडलं, फळ पोसलं नाही, त्याचा माल नागपूरच्या कळमना बाजारात पडून राहतो. आमच्या भागात कराचा मार सगळ्यांना सारखा बसला असं बोललं जातं, ते मला पटत नाही. मोठं फळ काढणाऱ्याला चटका बसला, बारीक फळवाल्याचं गिऱ्हाईकच गेलं.

आता 'का वाढवला' हा प्रश्न. गावात एकच उत्तर चालतं : आपण कांदा बंद केला म्हणून त्यांनी संत्र्यावर सूड घेतला. कांदानिर्यात आपण 2019 मध्ये बंद केली, 2020 मध्ये केली, आणि माझी गाडी परत येते न येते तोच डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा केली. ढाक्यात त्याचा राग आहे, आयातदारानं मला तो ऐकवलाही. तरी सूडाची गोष्ट मला अर्धीच वाटते. मे 2022 ची रेग्युलेटरी ड्यूटी फक्त नागपुरी संत्र्यावर नव्हती. चीनचं सफरचंद, इतर देशांची संत्री, द्राक्षं, फुलं, फर्निचर, शंभरावर वस्तूंवर ती एकदम आली, कारण तिथं डॉलर कमी पडू लागले होते. शिवाय त्यांच्याकडे पिरोजपूरसारख्या भागात माल्टा नावाच्या मोसंबीसारख्या फळाच्या बागा वाढल्या आहेत. आयातीच्या फळावर कर असणं त्या बागवाल्याला गोडच लागणार.

बोनगावच्या एजंटनं मला हेच जरा वेगळ्या तऱ्हेनं सुनावलं. म्हणाला, "दादा, तुमच्या देशात बाहेरच्या सफरचंदावर किती?" मला माहीत नव्हतं. मग शोधलं. पन्नास टक्के. 2021 च्या अर्थसंकल्पापासून त्यातले 15 कस्टम ड्यूटीचे आणि 35 शेती पायाभूत सुविधा व विकास उपकराचे, बेरीज तीच. अमेरिकेच्या सफरचंदावर 2019 ते 2023 आणखी 20 टक्के जास्तीचे होते. वर मे 2023 पासून ज्या सफरचंदाची इथं पोहोच किंमत किलोला 50 रुपये किंवा त्याहून कमी, त्याला भूतान सोडून कुठूनही आयातबंदी. हिमाचलचा आणि काश्मीरचा बागवाला त्याच्या आधारानं उभा आहे, आणि त्यानं ते मागितलं यात मला काही गैर दिसत नाही. फक्त आपल्याकडे लागला तर संरक्षण आणि तिकडे लागला तर अन्याय, असं बोलायला त्या टपरीत माझी जीभ वळेना.

पैसे एल.सी.तून आले. बँकेची कपात, एजंटची दलाली, गाडीभाडं, कॅरेट, मजुरी, स्लॉटची फी, वजनातली घट, सगळं वजा करून टनाचा भाव काढला. व्यापारी देत होता त्यापेक्षा जास्त पडला, पण कुणाला सांगत सुटावं इतका नाही. आमच्या दोन्ही तटांनी आपापलंच खरं झालं असं म्हटलं. माझ्यासाठी हिशेबातली महत्त्वाची गोष्ट वेगळी होती : व्यापारी कराच्या नावानं जेवढं कापत होता, त्यातला बराचसा भाग खरोखर करच होता. मी त्याला चोर ठरवायच्या तयारीनं निघालो होतो, तसं काही हाती लागलं नाही. उरलेला भाग जोखमीचा होता, आणि पेट्रापोलला फळात हात घालून बसल्यावर जोखीम म्हणजे काय ते कळतं.

त्याच डिसेंबरच्या आसपास राज्य सरकारनं मदत जाहीर केली. बांगलादेशच्या 88 रुपयांतले निम्मे, म्हणजे किलोला 44 रुपये अनुदान, त्यासाठी 169 कोटी 60 लाखांची तरतूद. गावात फटाके फुटायचेच बाकी होते. पण अनुदान मागायचं तर निर्यात आपण केली हे दाखवावं लागणार. शिपिंग बिल कुणाच्या नावावर आहे? बँकेत परदेशी पैसा कुणाच्या खात्यात आला? आमच्या भागातून जाणाऱ्या कितीतरी गाड्या बोनगाव किंवा कोलकात्याच्या निर्यातदाराच्या कोडवर जातात. शेतकऱ्याकडे इसाराची चिठ्ठी असते, व्यापाऱ्याकडे गाडीभाड्याची बिल्टी असते, आणि शिपिंग बिलावर तिसऱ्याचंच नाव असतं. बहार काढला कुणी आणि निर्यातदार कोण! आमच्या गाडीचे कागद आमच्या नावानं होते म्हणून निदान अर्जाच्या रांगेत उभं राहता आलं. शेजारच्या गावातले काही जण फाइल घेऊन माझ्याकडे आले, मी ती चाळली, त्यात एकही कागद त्यांच्या नावाचा नव्हता. त्यांचा संत्रा ढाक्यात विकला गेला होता हे मात्र शंभर टक्के खरं.

पुढच्या वर्षी ढाक्यात सरकार गेलं, सीमेवर काही काळ सगळंच थंड पडलं. जानेवारी 2025 मध्ये सप्लिमेंटरी ड्यूटी 20 वरून 30 टक्के झाली. अ‍ॅडव्हान्स इन्कम टॅक्स त्याआधीच 10 वर गेला होता. बादामतोलीवाल्याचा फोन आला तेव्हा मी तीच वही काढली आणि फोनवरच बेरीज केली : 25, 20, मग 43.50, 28.28, 9.42 आणि 10. एकूण 136 रुपये 20 पैसे. तो पलीकडून म्हणाला, बरोबर. मग मी विचारलं, मृगाचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर निघणारा, माल किती पाठवू? मोठं फळ असेल तर एक गाडी, म्हणाला, आणि तीही एल.सी. उघडली तर. काकांची चुरी आम्ही त्या आठवड्यात दिल्लीच्या गाडीत भरली.